विश्रांत प्राध्यापकांची कोठडी

७ जुलै २०२५, सोमवार

पाटी लागली!

नऊ वर्षं दारावर कागद होता. चिकटपट्टीचा. दर पावसाळ्यात कोपरे सुटायचे आणि मी अंगठ्याने दाबून बसवायचो. आज खरी पाटी. तपकिरी, वर पांढरी कन्नड अक्षरं, चार कोपऱ्यांना चार स्क्रू — ‘विश्रांत प्राध्यापकर कोठडी’. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार म्हणून कॉलेजभर नव्या पाट्या लागताहेत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिन्याखालची पंपाची खोली — आणि मी. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाची प्रमुख श्रीविद्या, तिनेच यादीत माझी खोली घातली म्हणे. माझीच विद्यार्थिनी. पहिल्या वर्षाला असताना कण्हेरीला तगर म्हणायची.

कल्लाप्पा शिपाई स्टूल धरून उभा होता. चिकोडीकडचा माणूस, अख्ख्या कॉलेजात माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच. पाटीवरून हात फिरवून म्हणाला, “आता पक्के झालासा, सर. स्क्रू हाईत.”

जिना चढताना रत्नाबाईंची कविता ओठांवर होती. पेटेतली, म्हणजे जुन्या बाजारातली, आमची मराठी शाळा, मठामागचा हॉल, आम्ही अकरा मुलं. बाई हजेरीसुद्धा कवितेत घ्यायच्या. स्वतःच रचलेली —

कोण आले? कोण आले?
दारामधुनी ऊन आले.
उन्हामागे कोण आले?
ज्याचे त्याचे नाव आले.

मग नाव पुकारायच्या. ‘हजर’ म्हणताना छाती केवढी फुगायची! आज पाटीखाली उभा राहून मनातल्या मनात म्हटलं — हजर.

८ जुलै, मंगळवार

पाटीचा फोटो घरी दाखवला. मुग्धा — आमच्या मुलाची, श्रीहर्षची बायको, पुण्याची, बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून दोन तास गाड्यांत अडकून आलेली — एवढी हसली की पर्स सोफ्यावरून खाली. तिला कन्नड अक्षरं आताशा लागायला लागली आहेत. “बाबा, तुम्हाला कोठडी झाली? आणि तीसुद्धा विश्रांतीची?”

समजावलं. बाई गं, कन्नडमध्ये कोठडी म्हणजे नुसती खोली. आणि विश्रांत म्हणजे झोपलेला नव्हे — एमेरिटस. निवृत्तीनंतरही ज्याचं पद मानाने राहतं तो. ती म्हणाली, त्यांच्याकडे पुण्यात त्याला गुणश्री म्हणतात. चांगला शब्द आहे. पण मला विश्रांत आवडतो. झाडाखाली बसल्यासारखा शब्द. काम संपलेलं नाही, घाई संपली आहे.

कावेरी आतून म्हणाली, “विश्रांती तिकडे घेतात, म्हणून घरी आल्यावर दमलेले असतात.” लग्नाला चाळीस वर्षं होत आली, ही जरासुद्धा बदललेली नाही.

९ जुलै, बुधवार

एमेरिटस काय करतो? काल मुग्धाने विचारलं, उत्तर धड देता आलं नाही. इथे देतो.

हजेरीपटावर सही करत नाही. बैठकीत मत देत नाही. परीक्षेचे पेपर तपासत नाही. समारंभात पहिल्या रांगेत, पण कडेच्या खुर्चीवर बसतो. आणि खोलीत मागच्या भिंतीला सात कपाटं — आमचा हर्बेरियम. १९६१ पासून विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या, दाबून वाळवलेल्या वनस्पती. एका जाड कागदावर एक. कोणी लेबल लावलंय, कोणी नाही, कोणी चुकीचं. मी एकेक काढतो, भिंगाखाली धरतो, ओळख पटवतो, नवं लेबल लिहितो. खाली सही — नरसिंहराव, प्रोफेसर एमेरिटस. आजपर्यंत ३,३९६.

त्यात माझी स्वतःचीही आहेत, विद्यार्थी असतानाची. बेळ्ळंदूर तळ्याच्या ओल्या काठावरची ‘सीतेची आसवं’, १९७४ — जांभळा रंग उडाला, पण एकेक फूल शाबूत. आता तिथे शोधून दाखवा! आणि सारक्की तळ्याच्या वरच्या माळावरचा तेरडा, १९७६ — म्हणजे नेमकी आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीची जागा. कावेरीला सांगितलं तर म्हणाली, “म्हणूनच माझी तुळस जगत नाही. तुम्ही आधीच सगळं उपटून नेलंत.”

आणि एमेरिटसला स्वतःचा शिपाई असतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आहे. प्राचार्यांची घंटा वाजली तरी कल्लाप्पा माझ्या दारातल्या स्टुलावरून उठत नाही. आज म्हटलं, अरे, जा की. तर म्हणतो, “ती माजी न्हवं, सर.” हल्ली खाकी कपडेही घालत नाही. एमेरिटसचा शिपाई म्हणून सूट असेल.

१४ जुलै, सोमवार

आज नऊ कागद.

१६ जुलै, बुधवार

ऑफिसातला प्रदीपकुमार वर आला. अधीक्षक झालाय आता. समितीसाठी यादी करायची आहे — मानद पदं, नावं, आदेश क्रमांक. माझ्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत हवी. फाइलीत सापडत नाही, तुमच्याकडे असेल, म्हणाला. म्हटलं, असेल म्हणजे? आहेच! उद्या देतो.

कुठे ठेवला असेल?

१७ जुलै, गुरुवार

कपाट झालं. लोखंडी पेटी झाली. कावेरीच्या साड्यांखालची पिशवीसुद्धा झाली, त्यावरून बोलणी खाल्ली. जन्मपत्रिका मिळाली, पीएच.डी.चं पत्र मिळालं, रत्नाबाईंच्या हातचं चौथीचं प्रगतिपुस्तक मिळालं (‘मुलगा हुशार, खिडकीबाहेर फार पाहतो’). आदेश नाही.

निरोप समारंभाचं मानपत्र तेवढं मिळालं, ३१ मे २०१६ चं. मखमली पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. ‘विश्रांत प्राध्यापक नरसिंहराव यांना —’. तोच तो शब्द. त्या दिवशी तो ऐकला तेव्हा डोळे भरून आले होते. मग तेव्हाचे प्राचार्य म्हणाले होते, विभागाचं दार तुम्हाला कायम उघडं. पुढच्या सोमवारी मी गेलो, तर खरंच उघडं होतं.

पण हा आदेश नव्हे. आदेशाला क्रमांक असतो.

१८ जुलै, शुक्रवार

मानपत्र घेऊन ऑफिसात गेलो. म्हटलं, आदेश सापडेपर्यंत हे लाव. यात पद स्पष्ट लिहिलंय.

प्रदीपकुमारने वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला. चांगला मुलगा आहे, आवाज खाली आणून बोलला. “सर, विश्रांत अंदरे रिटायर्ड. अष्टे.”

म्हणजे निवृत्त. एवढंच.

म्हणाला, निरोपाच्या पत्रात सगळ्यांनाच तसं लिहितात. निवृत्त म्हटलं की रूक्ष वाटतं, म्हणून विश्रांत. मागच्या महिन्यात निवृत्त झालेल्या गणिताच्या बाईंनाही तेच लिहिलं. एमेरिटसलाही विश्रांतच म्हणतात, ते खरं. पण त्याला वेगळा आदेश लागतो. तुमची फाइल मी पहिल्या पानापासून पाहिली, सर.

मी ‘सरी’, बरं, एवढंच म्हटलं. जिना उतरलो. वर खोलीत छत्री राहिली.

१९ जुलै, शनिवार

गेलो नाही.

२१ जुलै, सोमवार

गेलो नाही. कावेरीने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, विश्रांती.

सगळा जन्म कानडी मुलखात गेला. भाजीवाल्याशी कन्नड, रिक्षावाल्याशी कन्नड, शिकवलं कन्नड-इंग्रजीत. आणि या एका शब्दापाशी कान मराठी झाला! मराठी कानाला तो नुसता ‘निवृत्त’ वाटेचना. काहीतरी मोठं दिलंय असंच वाटलं. नऊ वर्षं!

व्हिजिटिंग कार्डं छापली आहेत. लग्नामुंजीत वाटली आहेत. मठात व्याख्यान दिलं तेव्हा पुकारलं तेच. पण ती फाटतील, विसरली जातील. आणि शुक्रवारपर्यंत झालेले ते ३,४१२ कागद? तीस वर्षं मुलांना बजावलं — वनस्पती सुकली तरी चालेल, लेबल खोटं नको. शंभर वर्षांनी कोणी कपाट उघडेल, तेव्हा लेबलाशिवाय दुसरा साक्षीदार नाही. आणि त्या प्रत्येक लेबलावर, माझ्याच अक्षरात, जे नाही ते लिहिलंय.

२३ जुलै, बुधवार

श्रीविद्या घरी आली. छत्री घेऊन. (तिचं बोलणं कन्नडमध्ये झालं, इथे मराठीत लिहितो.)

कावेरीने कॉफी दिली आणि आत गेली नाही. दारातच उभी राहिली. श्रीविद्याने सगळं सांगितलं. २०१६ मध्ये तिने खरंच प्रस्ताव दिला होता — नरसिंहराव सरांना एमेरिटस करावं म्हणून. व्यवस्थापनाने कळवलं की आपल्या कॉलेजात असं पद नाही. ते सांगायला ती त्या सोमवारी खोलीवर आली. मी तोंडाला रुमाल बांधून कपाटं झाडत होतो, म्हणे. आणि काहीतरी गुणगुणत होतो.

“तुम्ही मला म्हणालात, बरं झालं आलीस, ही फळी धर. मी धरली, सर. मग सांगायचं राहूनच गेलं.”

तिनेच कल्लाप्पाला सांगितलं की किल्ली सरांना द्यायची. तिनेच कागदाची पाटी लावली. शब्द मुद्दाम तोच निवडला — कोणी विचारलं तर निवृत्त, सरांनी वाचलं तर एमेरिटस. हुशार! कण्हेरीला तगर म्हणणारी मुलगी!

म्हणजे सगळा विभाग जाणून होता. चहा आणणारे, पहिल्या रांगेत खुर्ची मांडणारे, सगळे. नऊ वर्षं एका म्हाताऱ्याचा खेळ मोडू नये म्हणून. अंगावर काटा आला. लाज की दुसरं काही, ते अजून कळत नाही.

मग ती मुद्द्यावर आली. आताचं व्यवस्थापन तयार आहे. समितीसमोर मानद प्राध्यापक दाखवता आला तर त्यांनाही हवाच आहे. आदेश काढतील — तारीख १ जून २०१६ ची घालून. सगळं मागचं नीट होईल. कार्डं खरी, लेबलं खरी. फक्त हो म्हणा.

उद्या सांगतो म्हटलं. ती गेल्यावर कावेरी म्हणाली, “घ्या ना. नऊ वर्षं काम केलंय तुम्ही, फुकट नाही बसलात.” तिचे डोळे ओले होते. चाळीस वर्षांत हिने माझ्या बाजूने एवढं सलग वाक्य बोललेलं आठवत नाही.

२४ जुलै, गुरुवार

हो म्हणावंसं वाटतं. इथे खोटं कशाला लिहू? फार वाटतं.

दुपारी खिडकीशी बसलो होतो. १९७४ ची ती सहल आठवली. बेळ्ळंदूरला बसने गेलो, पुढे चालत. परत आल्यावर मी लेबलावर चुकून दुसऱ्या दिवसाची तारीख घातली होती. आमच्या सरांनी पाहिली. म्हटलं, फाडून नवं लिहितो. सर म्हणाले, लेबल फाडायचं नाही आणि तारीख मागे-पुढे करायची नाही. चूक झाली तर खाली दुरुस्तीची चिठ्ठी लावायची — आजची तारीख, तुझी सही. वाचणाऱ्याला चूकही दिसली पाहिजे आणि ती कधी कळली तेही.

त्या आसवांच्या खाली ती चिठ्ठी अजून आहे. नंतर मी स्वतः तीस वर्षं हेच शिकवलं.

श्रीविद्याला फोन केला. म्हटलं, मागची तारीख नको, अम्मा. यादीत माझं नाव घालू नकोस. मात्र किल्ली घेऊ नका, काम उरलंय. ती म्हणाली, “सरी, सर.”

२५ जुलै, शुक्रवार

गेलो. कल्लाप्पा दार उघडून स्टुलावर बसलेला. एवढे दिवस रोज येऊन बसत होता म्हणे. विचारलं, मी नसताना कशाला? “झाडून काढलं की. धूळ काय रजेवर जाती?”

चिठ्ठ्यांचा मजकूर ठरवला: ‘वनस्पतीची ओळख कायम. ओळखणाऱ्याची दुरुस्त — ३१ मे २०१६ पासून निवृत्त.’ तारीख, सही. ३,४१२ वेळा. मुग्धा म्हणाली, बाबा, प्रिंट काढून देते. म्हटलं, चूक हाताने केलीय.

२८ जुलै, सोमवार

मी लिहितो, कल्लाप्पा डिंक लावून चिकटवतो. सरळ चिकटवतो, पट्टी लागत नाही. आज १६०.

मध्येच विचारलं, “सर, निवृत्त मानसानं काम केलेलं कायद्यात बसतंय न्हवं?”

म्हटलं, बसतं. उभंसुद्धा राहतं. तो हसला नाही. मान हलवून पुढची चिठ्ठी घेतली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

७९०. अंगठा सुजलाय. पण झोप लागते.

५ ऑगस्ट, मंगळवार

समिती आली. यादीत मानद प्राध्यापक: शून्य. मी कपाटांपाशी उभा, इस्त्रीच्या शर्टात. कावेरीने खिशाला पेन लावून पाठवलं होतं.

समितीच्या प्रमुख बाई मैसूरच्या, स्वतः वनस्पतिशास्त्रातल्या. बाकीचे दारातून डोकावून पुढे निघाले. त्या आत आल्या. एक कपाट उघडलं, नेमकी सीतेची आसवं हातात. १९७४ चं लेबल. खाली तेव्हाची दुरुस्ती. त्याखाली माझं नवं लेबल. त्याखाली मागच्या आठवड्याची चिठ्ठी. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचत गेल्या. मग दुसरा कागद काढला. तिसरा.

“ही चिठ्ठी सगळ्यांवर?”

म्हटलं, अजून दोन हजारांवर उरल्यात.

प्राचार्य घसा साफ करून काही सांगायला लागले. बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, “आमच्याकडे यादीत तीन एमेरिटस आहेत, खोलीत एकही नाही. तुमच्याकडे उलटं दिसतंय.” मग माझ्याकडे वळून नमस्कार केला. मला. समितीने!

घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत. जे. पी. नगरच्या चौकात सिग्नलला रत्नाबाईंची कविता मोठ्याने म्हटली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

११ ऑगस्ट, सोमवार

आदेश आला! क्रमांक आहे. शिक्का आहे. ‘गौरव प्राध्यापक’, तीन वर्षांसाठी. कन्नडमध्ये गौरव म्हणजे मानद. या वेळी प्रदीपकुमारला तीनदा विचारून घेतलं. तारीख आजची: ११ ऑगस्ट २०२५. त्याआधीची नऊ वर्षं निवृत्त ती निवृत्तच.

आणि गंमत ही की अभिमान त्या नऊ वर्षांचाच जास्त वाटतो. आता आदेश आहे म्हणून जाईन. तेव्हा कशाच्या जोरावर गेलो? दार उघडं होतं, एवढ्याच.

कावेरीने पायस केलं. मुग्धा म्हणाली, “बाबा, कोठडी कायम का मग?” म्हटलं, तीन वर्षं. सश्रम.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आदेशामागून एक फॉर्म आला: खोलीची किल्ली कोणाच्या ताब्यात. मी लिहिलं — कल्लाप्पा, शिपाई. प्रदीपकुमारने वर पाहिलं. तोच खाली आणलेला आवाज. “सर, ते दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. मे महिन्यात.”

म्हटलं, मला कसं कळलं नाही? समारंभ? मानपत्र?

“शिपायांना नसतं, सर.”

वर गेलो. तो स्टुलावर. विचारलं, दोन वर्षं का येतोस? तो म्हणाला, “तुमी येतासा की. दार कोन उघडनार?”

आत जाऊन चिठ्ठी लिहिली. लेबल फाडायचं नाही, दुरुस्ती खाली लावायची. बाहेर येऊन पाटीखाली धरली: ‘विश्रांत — श्री. कल्लाप्पा. मे २०२३ पासून. ओळख पटवायला उशीर झाला.’ आजची तारीख, माझी सही.

त्याने माझ्या हातातून घेतली, सावकाश वाचली आणि स्वतःच चिकटवली. सरळ. मग अंगठ्याने चारही कोपरे दाबले.

“स्क्रू नाई, सर. पन ऱ्हाईल.”